सोडा, सेल्टझर की टॉनिक?

पाहुण्यांच्या सरबराईत सोडा संपला म्हणून पेल्यात टॉनिक वॉटर ओतले, तर दिसण्यात काहीच फरक पडत नाही. दोन्ही रंगहीन, दोन्ही फसफसणारे. फरक पडतो तो चवीत आणि पाहुण्यांपैकी कुणाला मधुमेह असल्यास त्याच्या रक्तातील साखरेत. म्हणूनच या पाण्याचे प्रकार ओळखून घेणे अगत्याचे आहे.

पाण्यात कार्बन डायऑक्साइड वायू विरघळवण्याची कृती जोसेफ प्रीस्टली या इंग्रज शास्त्रज्ञाने १७६७ मध्ये लीड्स येथे शोधली. पुढे १७८३ मध्ये जेकब श्वेप याने जिनिव्हात तिचा व्यवसाय उभारला.

सेल्टझर : केवळ पाणी आणि वायू. जर्मनीतील नीडरसेल्टर्स गावच्या झऱ्यावरून हे नाव पडले. फळांच्या रसाची मूळ चव राखायची असेल तर हा प्रकार उत्तम.

क्लब सोडा : यात खाण्याचा सोडा किंवा तत्सम क्षार मिसळलेले असतात. त्यामुळे चव किंचित खारट लागते. व्हिस्की, मोहितो, टॉम कॉलिन्स यांत हाच वापरतात. मीठ कमी खाण्याचा सल्ला मिळालेल्यांनी बाटलीवरील सोडियमचे प्रमाण पाहावे.

खनिजयुक्त पाणी : इटलीतील सान पेलेग्रिनोसारख्या या पाण्यातील क्षार झऱ्याचेच असतात. त्याला स्वतःची चव असल्याने ते बहुधा नुसतेच, जेवणासोबत पितात.

टॉनिक वॉटर : सिंकोना झाडाच्या सालीतील क्विनाइन, म्हणजे जुन्या पिढीचे कडू ‘कोयनेल’, यात असते. हिवतापावरील या औषधाचा कडवटपणा सुसह्य व्हावा म्हणून ब्रिटिश अमलातील हिंदुस्थानात ते जिनसोबत घेण्याची प्रथा रूढ झाली. आजच्या टॉनिकमध्ये क्विनाइन नाममात्र असते. अमेरिकेत लिटरमागे ८३ मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. त्यामुळे टॉनिक पिऊन हिवताप टळत नाही. साखर मात्र १०० मिलिलिटरमागे ५ ते ९ ग्रॅमपर्यंत असू शकते. म्हणजे २०० मिलिलिटरच्या पेल्यात अडीच ते साडेचार चमचे! कडवट चवीमागे ती लपून जाते. गर्भवती स्त्रियांनी आणि क्विनाइनचे वावडे असलेल्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय टॉनिक घेऊ नये.

पेय तयार करताना

थंड पाण्यात वायू अधिक टिकतो. २० अंश सेल्सिअसच्या तुलनेत शून्य अंशाजवळ तो जवळजवळ दुप्पट विरघळतो. म्हणून बाटली आणि पेला दोन्ही आधीच गार करावेत. फसफसणारे पाणी सर्वांत शेवटी, पेल्याच्या कडेने हळूहळू ओतावे आणि एकदाच अलगद ढवळावे. ते घालून मिश्रण हलवू नये.

आपल्या घरगुती लिंबूसोड्यालाही हाच नियम लागू आहे. साखर-मीठ लिंबाच्या रसात आणि थोड्या साध्या पाण्यात आधी विरघळवून घ्यावे. कोरडे मीठ सोड्यात टाकल्यास त्याच्या कणांभोवती बुडबुडे जमतात, पेला उतू जातो आणि उरतो तो निव्वळ खारट, निर्जीव सोडा.

थोडक्यात, बाटली उघडण्यापूर्वी तिच्यावरील घटकांची यादी वाचावी. बुडबुडे सगळ्यांचे सारखेच दिसतात.