बोटांचे ठसे

अमेरिकेच्या नागरिकत्वासाठी अर्ज केलेल्या माणसाकडे पुष्कळदा एक सरकारी पत्र येते. अमुक दिवशी, अमुक वेळी, अमुक केंद्रात बोटांचे ठसे देण्यासाठी हजर राहावे, एवढाच त्यातील मजकूर. तो वाचून आपल्याकडून गेलेला मनुष्य क्षणभर बावरतो. कारण ठसे घ्यावयाचे ते चोरांचे, ही समजूत त्याच्या मनात लहानपणापासून रुजलेली असते. प्रत्यक्षात तेथे घडते ते फार थोडे. पत्र आणि कायम वास्तव्याचे ओळखपत्र दाखवावयाचे, काचेवर दहाही बोटे टेकावयाची, छायाचित्र आणि सही द्यावयाची. शाईचा डागही लागत नाही. देशाच्या इतिहासावरचे प्रश्न त्या दिवशी नसतात; ते पुढे मुलाखतीच्या वेळी. ठसे गुन्ह्यांच्या नोंदींशी ताडून पाहण्यासाठी पाठविले जातात, आणि अर्जदार घरी परततो.

तरीही ते बावरणे अगदीच निराधार म्हणता येणार नाही. त्यामागे इतिहास आहे, आणि त्याचा आरंभ झाला तो हिंदुस्थानातच.

१८५८ साली बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने रस्त्याची खडी पुरविण्याचा करार राज्यधर कोनाई या कंत्राटदाराशी केला. ही सही माझी नव्हेच, असे त्याने उद्या म्हणू नये, म्हणून हर्शेलने कागदाच्या मागे त्याच्या पंजाचा ठसा उमटवून घेतला. मुळाशी होता तो अविश्वास! पुढे १८९७ मध्ये कलकत्त्यास ठशांची कचेरी निघाली. ठशांची वर्गवारी बसविण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघा हिंदी अधिकाऱ्यांचा मोठा वाटा होता. पद्धतीला नाव मात्र त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांचे पडले. साहेबी अंमलात असेच व्हावयाचे. याच हेन्रींना १९०० साली पोलीसखात्याची घडी बसविण्यासाठी दक्षिण आफ्रिकेत धाडण्यात आले.

त्याच दक्षिण आफ्रिकेत, ट्रान्सवाल प्रांतात, १९०६ मध्ये सरकारने एक वटहुकूम पुढे आणला. आठ वर्षांवरील प्रत्येक हिंदी रहिवाशाने कचेरीत नाव नोंदवावे, बोटांचे ठसे द्यावेत आणि मिळालेला परवाना पोलीस मागेल तेथे दाखवावा. न दाखविल्यास दंड, तुरुंग किंवा हद्दपारी. ११ सप्टेंबर रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर नाट्यगृहात हिंदी लोकांनी हा कायदा न पाळण्याची शपथ घेतली. तरी १९०७ मध्ये तो अमलात आला, आणि जानेवारी १९०८ मध्ये गांधीजी तुरुंगात गेले.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. गांधीजींचा विरोध शाईला नव्हता, सक्तीला होता. महिनाअखेर तडजोड झाली: लोकांनी आपखुशीने नोंदणी करावी, मग कायदा मागे घेतला जाईल, असे गांधीजी समजून चालले. तेव्हा त्यांनी स्वतः दहाही बोटांचे ठसे देण्याचे ठरविले. काल जे अपमानाचे होते ते आज चालते कसे, हे अनेकांना उमगेना. १० फेब्रुवारीस कचेरीच्या वाटेवर मीर आलम या पठाणाने त्यांना लाठीने रक्तबंबाळ केले. गांधीजींनी रेव्हरंड डोक यांच्या घरी, अंथरुणावर पडल्या पडल्या, कागद मागवून ठसे दिले. नोंदणी अधिकारी चॅमनी यांचे डोळे त्या वेळी पाणावले होते, असे गांधीजींनीच लिहून ठेवले आहे.

कायदा मात्र रद्द झाला नाही. १६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीपाशी दोन हजारांवर परवाने कढईत जाळले गेले. १९१२ साली नामदार गोखले त्या देशी जाऊन मंत्र्यांशी बोलून आले; त्यानंतरही १९१३ चा मोठा लढा द्यावाच लागला. अखेर १९१४ चा कायदा झाला. त्यातील एका कलमाने नाताळमधील ज्या हिंदी माणसाच्या रहिवासाच्या दाखल्यावर त्याच्या अंगठ्याचा ठसा असेल, त्याची ओळख पटताच तो दाखला देशात प्रवेशाच्या हक्काचा निर्णायक पुरावा मानला जाऊ लागला. सहा वर्षांपूर्वी ज्या ठशापायी डोके फुटले, तोच आता माणसाच्या बाजूने साक्ष देऊ लागला.

अमेरिकेतील क्रमही विचार करण्याजोगा आहे. १९२३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात हिंदी माणसाला नागरिकत्व नाकारले. १९४० च्या कायद्याने चौदा वर्षे व त्यावरील सर्व परदेशी रहिवाशांचे ठसे टपालकचेऱ्यांतून घेतले गेले, आणि त्यात हिंदी लोकही आले. नागरिकत्वाची वाट मोकळी झाली ती मात्र १९४६ मध्ये. बोटे आधी मागितली, हक्क सहा वर्षांनी दिला.

आज अर्जदार हा हक्क मागण्यासाठीच केंद्राच्या दारात उभा असतो. अडचण येते ती निराळीच. वयाने किंवा हातकामाने ज्यांच्या बोटांवरील रेषा झिजल्या आहेत, त्यांचे ठसे कित्येकदा यंत्रावर स्पष्ट उमटत नाहीत. अशांना पुन्हा बोलावणे येते. दुसऱ्या खेपेसही तेच झाले, तर अलीकडच्या वर्षांत जेथे जेथे राहिले, तेथील पोलिसांचे दाखले गोळा करून द्यावे लागतात.