खडकावरील डबक्यांतील माइट : एका नामकरणाचा इतिहास

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील युटा राज्याचा आग्नेय भाग कोलोरॅडो पठारात मोडतो. तेथील वालुकाश्माच्या उघड्या पृष्ठावर असंख्य उथळ खळगे आढळतात. निघोज येथील कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे वाहत्या पाण्याने व त्यातील दगडगोट्यांनी कोरलेले आहेत. त्यांच्याशी या खळग्यांची गल्लत करू नये. साचलेले पाणी व हवामान यांच्यामुळे खडकाचे विदारण होऊन हे खळगे बनतात. नदीचा त्यांच्याशी संबंध नाही. पाऊस पडला म्हणजे ते भरतात, आणि पुढे आटून तळाशी मातीचा पातळ थर तेवढा उरतो. या थरात वास करणाऱ्या एका सूक्ष्म माइटाचे वर्तन प्रथम ज्ञात झाले आणि त्यास नाव मात्र पुष्कळ वर्षांनी मिळाले. हा क्रम नेहमीच्या क्रमाच्या उलट होय.

1996 साली रॉय नॉर्टन, टिम ग्रॅहॅम व गेर्ड आल्बर्टी यांनी माइटविज्ञानाच्या नवव्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या वृत्तांतात या प्राण्याविषयीचा निबंध प्रसिद्ध केला. त्यातील मुख्य गोष्ट अशी की, हा माइट रोटिफर, म्हणजे चक्रधर प्राणी, खातो. ओरिबॅटिड माइट हे सामान्यतः जमिनीत राहणारे, सडका पाला व कवके यांवर उपजीविका करणारे संथ जीव होत. त्यांच्यापैकी एकाने पाण्यात राहून जिवंत भक्ष्य खावे, हे अनपेक्षित होते. पाणी असेतोवर तो हिंडतो-फिरतो. डबके आटले की वाळलेल्या स्थितीत निश्चेष्ट पडून पुढील पावसाची वाट पाहतो.

येथे संग्रहपद्धतीविषयी एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. आंतोनियो बेर्लेसे याने 1905 साली प्रचारात आणलेले नरसाळे, आणि 1918 मध्ये टुलग्रेनने त्यास जोडलेला विजेचा दिवा, यांवर मृदेतील माइटांचा बहुतेक अभ्यास उभा आहे. माती वरून वाळत जाते, प्राणी ओलाव्याच्या शोधात खाली उतरतात आणि बाटलीत पडतात, असे त्याचे तत्त्व. कोरडेपणा टाळण्यासाठी पळणे हे त्यात गृहीत आहे. जो प्राणी वाळू लागताच न पळता स्तब्ध होतो, त्याच्या बाबतीत हे गृहीत लटके पडते. अशा प्राण्यांकडे दीर्घकाळ दुर्लक्ष का झाले, याच्या कारणांत या साधनाचाही विचार करणे अवश्य आहे.

तरीही निबंधानंतर नामकरणास बावीस वर्षे का लागावीत? केवळ दिरंगाई म्हणून हा प्रश्न निकालात काढणे अन्यायाचे होईल. प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे 1930 नंतरच्या नावास भेददर्शक वर्णन लागते, आणि 1999 नंतरच्या जातिनामास नामधारक नमुना स्पष्टपणे निर्दिष्ट करावा लागतो. हे अर्थात कोणासही करता येते. खरी अडचण वर्गीकरणातील स्थानाची होती. ॲमेरोनोथ्रिडी या कुलातील ॲमेरोनोथ्रस वंशाच्या जाति बहुतांशी समुद्रकाठच्या खडकांवर आढळतात. एंगेलब्रेख्ट यांनी 1975 साली दक्षिण आफ्रिकेतून ॲक्वानोथ्रस हा वंश वर्णिला होता. त्यातील माइट खडकांवरील लहान डबक्यांत राहतात, परंतु त्याविषयी ज्ञान तोकडे होते. युटाचा माइट त्याच्या जवळचा, पण तोच नव्हे. ज्या वंशाची सीमा अनिश्चित, त्याच्यापासून नव्या वंशाचा भेद दाखवावा कसा? जुन्या वंशाची व्याख्या शुद्ध केल्यावाचून नव्याची व्याख्या शक्य नव्हती, आणि ती करू जाता उपकुल व कुल यांच्या व्याख्यांसही हात घालणे प्राप्त होते.

हे कार्य नॉर्टन आणि ब्राझीलमधील एलिझाबेथ फ्रँकलिन यांनी 2018 साली ‘ॲकॅरॉलॉजिया’ या नियतकालिकात सुमारे सत्तर पृष्ठांच्या लेखाने पार पाडले. पॅराक्वानोथ्रस हा नवा वंश त्यांनी स्थापिला. युटाच्या जातीस पॅराक्वानोथ्रस ग्रॅहॅमी हे नाव मिळाले, आणि ॲक्वानोथ्रस, त्याचे उपकुल व संपूर्ण कुल यांची लक्षणे नव्याने मांडली गेली. घाईने नाव दिले असते तर ते बहुधा ॲक्वानोथ्रसच्या पदरी बांधले गेले असते, आणि पुढे ते सोडविण्याचे काम दुसऱ्या कोणावर पडले असते.

त्याच लेखात पॅराक्वानोथ्रस स्पूनेरी ही दुसरी जातिही वर्णिलेली आहे. ती जॉर्जियातील ग्रॅनाइटच्या उघड्या खडकांवरील तशाच डबक्यांत सापडते. तो प्रदेश वाळवंटी नव्हे, चांगला दमट आहे. म्हणजे या वंशाचे वसतिस्थान ठरविताना प्रदेशाच्या पर्जन्यमानापेक्षा, पाऊस थांबताच कोरडा पडणारा खडकाचा खळगाच अधिक महत्त्वाचा ठरतो. आणि युटाच्या एकट्या जातीवरून या वंशास ‘वाळवंटी’ हे विशेषण लावले असते, तर ते त्याच लेखात मागे घ्यावे लागले असते.