सर्च रिपोर्ट (शोध अहवाल)

जमीन, प्लॉट वा फ्लॅट यांच्या मालकीची व त्यांवरील बोज्यांची दप्तरे तपासून वकिलाने दिलेला लेखी अहवाल. पनवेलच्या व्यवहारांत तो नुसता ‘सर्च’ झाला आहे: ‘सर्च काढला का?’, ‘तीस वर्षांचा सर्च आहे.’ पुष्कळ जण ‘सर्च झाला’ म्हणजे ‘टायटल क्लिअर’ असे धरून चालतात. हा वापर चूक आहे. दप्तरी काय आढळले, एवढेच अहवाल सांगतो. मालकी निर्वेध असल्याचे मत हा टायटल सर्टिफिकेटाचा विषय. बँकांच्या तोंडचा ‘ड्यू डिलिजन्स’ या दोहोंहून व्यापक. त्यात परवानग्या, ताबा, थकबाकी, कोर्टातले दावेही येतात.

शोधाची सुरुवात दुय्यम निबंधकाकडील सूची क्रमांक 2, म्हणजे ‘इंडेक्स टू’पासून होते. नोंदणी अधिनियम, 1908 च्या कलम 57 प्रमाणे ती फी भरून कोणालाही पाहता येते. तीस वर्षे मागे जाण्याच्या प्रघाताचे एक कारण असे, की 1963 च्या मुदत अधिनियमानुसार गहाण सोडवून घ्यायला तीस वर्षांची मुदत आहे. मात्र वारसाहक्क, तोंडी वाटप, न नोंदवलेले मृत्युपत्र यांचा पत्ता इंडेक्सात लागत नाही. त्यासाठी सातबारा आणि एकेक फेरफार उलटावा लागतो. फेरफाराने मालकी मिळत नसली, तरी ती कशी फिरली याचा माग त्यातच सापडतो.

पनवेल तालुक्यातल्या गाठी बहुतेक तीस वर्षांपलीकडच्या आहेत. कूळकायद्याने कुळांना जमिनीचे खरेदीदार मानले तो कृषक दिन 1 एप्रिल 1957 चा. कुळाने विकत घेतलेल्या जमिनीच्या विक्रीवर कलम 43 ची बंधने आली. जुन्या उताऱ्यावर नावामागे ‘ए.कु.मॅ.’ (एकत्र कुटुंब मॅनेजर) दिसले, की तो एकटा मालक नव्हे हे ओळखावे; बहिणींची नावे अनेकदा ‘इतर हक्कां’त ढकललेली असतात आणि सही नेमकी त्यांचीच राहते. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीने घेतली असेल, तर महसूल संहितेच्या कलम 36-अ प्रमाणे घेतलेली परवानगी शोधावी. कृषक दिनाहून मागे गेल्यास फेरफार मोडी लिपीत निघतो आणि मोडी वाचणाऱ्याला गाठावे लागते.

सिडकोच्या भूखंडांची तऱ्हा निराळी. 1970 साली स्थापन झालेल्या सिडकोच्या नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण भागांतील 95 गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. या भूसंपादनाविरुद्ध जानेवारी 1984 मध्ये शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात जासई परिसरात पाच शेतकरी गोळीबारात मारले गेले. त्या लढ्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देणारी ‘साडेबारा टक्के योजना’ आली. या योजनेतला प्लॉट भाडेपट्ट्याचा असतो. त्याची मुळे भूसंपादनाचा निवाडा, वारस दाखला, सिडकोचे वाटपपत्र आणि त्रिपक्षीय करार यांत असतात. केवळ इंडेक्स चाळून केलेला सर्च इथे जवळजवळ निरुपयोगी.

नव्या गृहप्रकल्पात जमिनीचे टायटल सदोष निघून नुकसान झाले, तर रेरा अधिनियम, 2016 च्या कलम 18(2) नुसार भरपाईच्या दाव्याला मुदतीची आडकाठी नाही. सुट्या जमिनीच्या खरेदीदाराला हे कवच नाही. त्याने निष्कर्षाआधी दोन गोष्टी वाचाव्यात: वकिलाने पाहिलेल्या कागदांची यादी, आणि ‘अमुक वर्षाचे रेकॉर्ड फाटलेले’ किंवा ‘इंडेक्स तयार नाही’ असा शेरा. ज्या वर्षापुढे हा शेरा आहे, त्या वर्षाचा सर्च झालेलाच नाही.