त्लातेलोल्को : निःशस्त्रांचा करार

मेक्सिको शहरात त्लातेलोल्को नावाचा एक भाग आहे. १५२१ साली अ‍ॅझ्टेकांचा अखेरचा पराभव तेथेच झाला. त्याच भूमीवर फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांनी संत याकोबाचे चर्च उभारले. या चर्चच्या परिसरात, मेक्सिकोच्या परराष्ट्र मंत्रालयात, १४ फेब्रुवारी १९६७ रोजी लॅटिन अमेरिकेतील राष्ट्रांनी एका करारावर सह्या केल्या. आपल्या भूमीवर अण्वस्त्रे तयार करावयाची नाहीत, ठेवावयाची नाहीत आणि कोणास ठेवू द्यावयाची नाहीत, असा तो करार होता.

त्यामागे १९६२ च्या ऑक्टोबरातील भय होते. सोव्हिएत क्षेपणास्त्रे क्युबात आली आणि दोन महासत्तांच्या वैरात शेजारी राष्ट्रांचा बळी जाणार असे दिसू लागले. २५ ऑक्टोबरला पोप तेविसावे जॉन यांनी आकाशवाणीवरून शांततेची याचना केली. ११ एप्रिल १९६३ रोजी त्यांचे ‘पाचेम इन तेर्रिस’ हे परिपत्रक निघाले. त्याच महिन्याच्या २९ तारखेस बोलिव्हिया, ब्राझील, चिली, इक्वेडोर व मेक्सिको यांच्या राष्ट्राध्यक्षांनी अण्वस्त्रमुक्त प्रदेशाची घोषणा केली.

पुढील वाटाघाटींचे सूत्रधार होते मेक्सिकोचे मुत्सद्दी आल्फोन्सो गार्सिया रोब्लेस. सैन्यबळावर महासत्तांना काही मागता येत नव्हते. म्हणून त्यांनी आधी स्वतःस बांधून घेतले आणि मग एका पूरक कराराद्वारे अण्वस्त्रधारी राष्ट्रांकडे लेखी वचन मागितले, की या प्रदेशाविरुद्ध अण्वस्त्र वापरणार नाही, तशी धमकीही देणार नाही. ज्याने स्वतः त्याग केला आहे त्याला नकार देण्यास सबब उरत नाही. १९७९ पर्यंत पाचही अण्वस्त्रधारी राष्ट्रांनी हे वचन दिले. अण्वस्त्रप्रसारबंदी करारात १९९२ पर्यंत सामील न झालेले चीन व फ्रान्सही त्यांत होते. रोब्लेस यांना १९८२ साली स्वीडनच्या आल्वा मिर्दाल यांच्यासमवेत नोबेल शांतता पुरस्कार मिळाला.

त्याच वर्षी फॉकलंडचे युद्ध झाले. काही ब्रिटिश युद्धनौकांवर पाणबुडीविरोधी अण्वस्त्रे होती, हे ब्रिटनने २००३ साली मान्य केले. मात्र ती बेटांच्या सागरी हद्दीत नेली नव्हती व त्लातेलोल्कोचा भंग झाला नव्हता, असा खुलासाही त्यास करावा लागला. गंमत अशी, की ज्या अर्जेंटिनाशी हे युद्ध चालले होते, त्याने स्वतः त्या करारास अंतिम मान्यता दिली नव्हती. ती १९९४ साली दिली. क्युबा २००२ साली आला आणि प्रदेशातील तेहतीसही राष्ट्रे एका वचनात आली.

आपल्या देशालाही हा मार्ग परिचित होता. मार्शल बेटांवर अमेरिकेने १९४६ ते १९५८ या काळात ६७ अणुचाचण्या केल्या. त्यांतील १ मार्च १९५४ च्या भीषण स्फोटानंतर, २ एप्रिल रोजी, चाचण्या थांबविण्याची मागणी पंडित नेहरूंनी लोकसभेत केली. पुढे १९७४ व १९९८ साली पोखरणला आपणच स्फोट केले. २०१४ साली त्याच मार्शल बेटांनी निःशस्त्रीकरणाच्या वाटाघाटींत हयगय केल्याबद्दल नऊ अण्वस्त्रधारी राष्ट्रांना हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले. ज्यांनी न्यायालयाचा अधिकार पूर्वीच मान्य केला होता, त्या भारत, पाकिस्तान व ब्रिटन यांच्याविरुद्धचेच दावे पुढे चालले. उभयपक्षी कायदेशीर वादच सिद्ध होत नाही, या कारणास्तव ५ ऑक्टोबर २०१६ रोजी ते फेटाळले गेले. भारताच्या बाबतीत नऊ विरुद्ध सात मतांनी.

म्हणजे वचनाला मर्यादा आहेत. ज्याने ते दिलेच नाही, त्याला दुर्बलाने धरावे कशाने? तरीही २० सप्टेंबर २०१७ रोजी अण्वस्त्रांवर संपूर्ण बंदी घालणारा करार सह्यांसाठी खुला झाला, तेव्हा व्हॅटिकनने पहिल्याच दिवशी सही करून त्यास मान्यताही दिली. भारतासह एकाही अण्वस्त्रधारी राष्ट्राने त्यावर सही केलेली नाही. शांतीसाठी प्रार्थना करणाऱ्या आपल्या कुटुंबांनी ही गोष्टही ध्यानात ठेवावी.