दीर्घपरिणामी इंजेक्शने (अफूजन्य व्यसनावरील)

हेरॉइन, मॉर्फीन, अफू, फेंटानिल किंवा अफूवर्गीय वेदनाशामक गोळ्या यांच्या व्यसनावर आठवड्यातून अथवा महिन्यातून एकदा टोचायची औषधे. महाराष्ट्रात ‘गर्द’ म्हणून ओळखले जाणारे ब्राउन शुगर हे हेरॉइनचेच अशुद्ध रूप असल्याने तेही या उपचाराच्या कक्षेत येते. या एका नावाखाली परस्परविरुद्ध गुणधर्मांची दोन औषधे नांदतात : नॅल्ट्रेक्सोन आणि ब्युप्रेनॉर्फिन. दोन्ही महिनाभर पुरू शकतात, दोन्ही सुईने दिली जातात, साम्य एवढेच. तरीही धोरणकर्ते आणि वृत्तपत्रे त्यांना एकाच पंक्तीत बसवतात आणि ‘इंजेक्शनचा गुण येतो का?’ असा प्रश्न विचारतात. उपलब्ध पुरावा पाहता या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही. टोचणे ही औषध पोचवण्याची रीत आहे. गुण येतो की नाही, हे सुईत कोणते औषध भरले आहे त्यावर ठरते.

मेंदूतील अफूग्राहींवर ही दोन औषधे वेगवेगळे काम करतात. नॅल्ट्रेक्सोन ग्राही अडवून ठेवते, पण त्याला चेतवत नाही. त्यावर हेरॉइन घेतले तरी नशा चढत नाही. ब्युप्रेनॉर्फिन हे थिबेन या अफूतील अल्कलॉइडापासून बनवलेले आंशिक उद्दीपक आहे. ते ग्राहीला घट्ट चिकटते, अर्धवट चेतवते आणि मात्रा वाढवली तरी श्वास मंदावण्याचा परिणाम एका मर्यादेपलीकडे फारसा वाढत नाही. त्यामुळे तलफ व टर्की (नशा तुटल्यावर होणारा त्रास) शमतात. नॅल्ट्रेक्सोनचे 380 मिलिग्रॅम औषध विघटनशील बहुवारिकाच्या सूक्ष्मगोलांत भरून नितंबाच्या स्नायूत देतात. ब्युप्रेनॉर्फिनचा द्रव त्वचेखाली जातो आणि शरीरातील पाण्याशी संपर्क येताच त्याचा गोळा वा जेल बनून त्यातून औषध झिरपत राहते. ‘सब्लोकेड’ या उत्पादनात पहिले दोन महिने 300 मिलिग्रॅम व पुढे साधारणतः 100 मिलिग्रॅम अशी मात्रा असते. ‘ब्युविडाल’ (अमेरिकेत ‘ब्रिक्साडी’) साप्ताहिक व मासिक अशा दोन्ही रूपांत मिळते. हाच द्रव चुकून नसेत गेला तर तेथेच घट्ट होऊन जिवावर बेतू शकते. म्हणून अमेरिकेत हे औषध रुग्णाच्या हाती न देता थेट वैद्यकीय कर्मचाऱ्याकडे सोपवण्याचे बंधन आहे.

नॅल्ट्रेक्सोनच्या इंजेक्शनला अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने मद्यासक्तीसाठी 2006 मध्ये आणि अफूजन्य व्यसनासाठी 2010 मध्ये मान्यता दिली. दुसऱ्या मान्यतेचा मुख्य आधार रशियातील 13 केंद्रांवरची, 250 रुग्णांची चाचणी होती. औषध घेणाऱ्या गटात नशाविरहित आठवड्यांचे मध्यक प्रमाण 90 टक्के, तर निष्क्रिय इंजेक्शन घेणाऱ्या गटात 35 टक्के भरले. आकडा डोळ्यांत भरणारा आहे, पण चाचणीची जागाही पाहिली पाहिजे. रशियात मेथाडोन (दुसरे अफूवर्गीय पर्यायी औषध) व ब्युप्रेनॉर्फिन या उपचारांवर बंदी आहे, त्यामुळे तुलना झाली ती कोणतेच औषध न मिळण्याशी. दोन्ही औषधे समोरासमोर आली ती 570 रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत (प्रसिद्धी 2018). तीत ब्युप्रेनॉर्फिन मात्र जिभेखालच्या रूपात होते. नॅल्ट्रेक्सोन सुरू करण्याआधी सुमारे 7 ते 10 दिवस शरीर अफूमुक्त असावे लागते, नाहीतर तीव्र टर्की लागते. या उंबरठ्यावरच गळती झाली : नेमून दिलेल्यांपैकी 72 टक्क्यांनाच नॅल्ट्रेक्सोन सुरू करता आले, ब्युप्रेनॉर्फिन 94 टक्क्यांना. 24 आठवड्यांत पुन्हा व्यसनाकडे वळणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे 65 व 57 टक्के होते. ज्यांना उपचार प्रत्यक्ष सुरू झाले तेवढ्यांचीच गणती केली तर हे आकडे 52 व 56 असे जवळजवळ सारखे येतात आणि नॅल्ट्रेक्सोनचे समर्थक यावरच बोट ठेवतात. पण उंबरठ्यावर गळालेला रुग्ण हाही रुग्णच. त्याला हिशेबाबाहेर ठेवणे संशोधकाला सोयीचे असले, तरी दवाखान्याला ती मुभा नाही. शिवाय नॅल्ट्रेक्सोन बंद झाल्यावर शरीराची जुनी सहनशक्ती उरलेली नसते, आणि पूर्वीचीच मात्रा प्राणघातक ठरू शकते.

ब्युप्रेनॉर्फिनच्या इंजेक्शनाचा पुरावा अधिक भक्कम आहे. सब्लोकेडच्या (मान्यता नोव्हेंबर 2017) मुख्य चाचणीत नशाविरहिततेचे सरासरी प्रमाण दोन मात्रांना 41 ते 43 टक्के, तर निष्क्रिय इंजेक्शनला 5 टक्के आढळले. यावर रास्त आक्षेप असा की खरी स्पर्धा रोजच्या गोळीशी आहे. ती 428 रुग्णांच्या चाचणीत झाली (प्रसिद्धी 2018). तेथे नशाविरहित लघवी-नमुन्यांचे प्रमाण साप्ताहिक-मासिक इंजेक्शनला 35 टक्के व गोळीला 28 टक्के होते. मुख्य निष्कर्ष एवढाच निघाला की इंजेक्शन गोळीपेक्षा कमी पडत नाही. एवढ्याशा फरकासाठी एवढा खर्च का, असे विचारणाऱ्यांनी या चाचणीची रचना पाहावी. कोणाला काय मिळते ते कळू नये म्हणून इंजेक्शनवाल्यांनाही रोज खोटी गोळी घ्यावी लागत होती. रोजच्या औषधाची कटकट वाचणे हाच इंजेक्शनाचा मुख्य लाभ, आणि तोच चाचणीने पुसून टाकला होता. इंग्लंड-स्कॉटलंडमधील 314 रुग्णांच्या खुल्या चाचणीत (2023) ही अट नव्हती. तेथे 24 आठवड्यांत नशाविरहित दिवस इंजेक्शनला सरासरी 123 आणि नेहमीच्या उपचाराला 104 भरले. खुल्या चाचणीत अपेक्षेचा प्रभाव पडतो हे मान्य करूनही, दोन्ही निकाल एकत्र वाचल्यास लाभाचे कारण औषधशास्त्रात कमी आणि रुग्णाच्या दिनक्रमात अधिक दिसते.

‘एका व्यसनाच्या जागी दुसरे’ हा आक्षेप जुना आहे आणि वर्ज्यतेवर उभ्या असलेल्या संस्थांत तो आजही ऐकू येतो. शारीरिक अवलंबित्व राहते, हे खरे. परंतु व्यसनाची व्याख्या नुकसान होत असूनही न आवरणारा वापर अशी आहे. महिन्याला एक सुई घेऊन कामावर जाणारा माणूस या व्याख्येत बसत नाही. मेथाडोन व ब्युप्रेनॉर्फिन चालू असताना मृत्युदर ठळकपणे घटतो आणि उपचार सोडल्यावरच्या पहिल्या आठवड्यांत तो पुन्हा चढतो, हे अनेक देशांतील नोंदींवरून सिद्ध आहे. नॅल्ट्रेक्सोनबाबत असा पुरावा नाही. सक्तीचा आक्षेप अधिक गंभीर आहे. तुरुंगात गोळी जिभेखालून काढून दुसऱ्याला देण्याचे प्रकार होतात, म्हणून न्यू साउथ वेल्सच्या तुरुंगांनी इंजेक्शन स्वीकारले, आणि कोविडकाळात स्कॉटलंडनेही. व्यवस्थेची सोय आणि रुग्णाची संमती या भिन्न गोष्टी आहेत. एकदा टोचलेले औषध माघारी घेता येत नाही (सब्लोकेडचा गोळा पहिल्या 14 दिवसांत शस्त्रक्रियेने काढता येतो, एवढाच अपवाद), त्यामुळे गोळीचा पर्याय खुला ठेवल्याखेरीज दिलेली संमती अपुरीच म्हणावी लागेल.

रोपण : सहा महिने पुरणाऱ्या ब्युप्रेनॉर्फिनच्या चार कांड्या (‘प्रोब्युफिन’, 2016) अमेरिकेच्या बाजारातून मागे घेण्यात आल्या.

किंमत : सब्लोकेडची आरंभीची अमेरिकी किंमत महिन्याला 1,580 डॉलर होती.

भारत : केंद्र शासनासाठी एम्सने केलेल्या व 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात अफूवर्गीय पदार्थ वापरणारे सुमारे 2.26 कोटी आणि उपचाराची गरज असणारे सुमारे 77 लाख लोक आहेत. वेदनाशामक म्हणून विकली जाणारी अल्पपरिणामी ब्युप्रेनॉर्फिन इंजेक्शने नसेतून टोचून घेण्याचा गैरवापर येथे पूर्वापार नोंदला गेला आहे. प्रस्तुत औषधांशी त्यांची गल्लत होऊ नये. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची पर्यायी-औषध केंद्रे आणि पंजाबची 2017 पासूनची बाह्यरुग्ण केंद्रे यांचा मुख्य आधार ब्युप्रेनॉर्फिनची जिभेखालची गोळी हाच आहे, आणि त्यासाठी अनेक रुग्णांना रोज केंद्रात यावे लागते.