थरथरलेली तर्जनी

चिनी भाषेतील रूढ, बहुधा चार अक्षरी वाक्प्रचारांना ‘चेंग्यू’ म्हणतात. ‘शान जेन हाय वेय’ हा त्यांतला सरळ अर्थाचा: डोंगरातले दुर्मीळ पदार्थ आणि समुद्रातली चव, म्हणजेच शाही जेवण. ‘शि जि दा दोंग’, म्हणजे तर्जनी जोरात हलणे, हा मात्र गोष्टीवाचून कळत नाही.

ती गोष्ट ‘ज्वो ज्वान’ या प्राचीन इतिवृत्तात, इ.स.पू. 605 च्या नोंदीत आहे. चू राज्याकडून जेंगच्या लिंग राजाला एक मोठे कासव भेट आले. दरबारात जाताना राजपुत्र सोंगची तर्जनी आपोआप हलली. असे झाले की काहीतरी अपूर्व खायला मिळते, असे त्याने सोबत्याला सांगितले. आत आचारी कासवच कापत होता! दोघे हसले. राजाने कारण विचारले आणि पंगतीत मुद्दाम सोंगला वाढलेच नाही. चिडलेल्या सोंगने कढईसारख्या तिपाई पात्रात बोट बुडवून चाखले आणि तो निघून गेला. राजाने त्याला मारायचे ठरवले. पण त्याच उन्हाळ्यात मारला गेला तो राजाच. एका वाटी रश्शापायी! ‘बोट बुडवणे’ हा शब्दही त्यातूनच आला. आपल्या वाट्याचे नसलेले बळकावणे, असा त्याचा अर्थ.

‘ज्यौ छि रौ लिन’, म्हणजे मद्याचे तळे आणि मांसाचे वन, यात कौतुक नसून निंदा आहे. स-मा छ्येनच्या इतिहासात ही उधळपट्टी शांग वंशाच्या शेवटच्या राजाच्या नावावर आहे. उलट बारीक चिरलेल्या व भाजलेल्या मांसावरून आलेला ‘क्वाय जि रेन खौ’ आज लोकप्रिय साहित्यासाठी वापरतात.