गुणतालिकेची दोन टोके : हायलँड लीगचा २०१८-१९ चा हंगाम

स्कॉटलंडच्या उत्तर भागातील क्लबांची हायलँड फुटबॉल लीग ऑगस्ट १८९३ मध्ये इनव्हर्नेस या शहरात स्थापन झाली, आणि तिला सव्वाशे वर्षे पूर्ण होत असताना सुरू झालेला २०१८-१९ चा हंगाम तिच्या इतिहासातील एका मोठ्या स्थित्यंतराचा साक्षीदार ठरला. त्या हंगामात गुणतालिकेच्या शिरोभागी असलेला क्लब केवळ खेळाच्या बळावर राष्ट्रीय श्रेणीत पोहोचला, तर तळाशी असलेल्या क्लबाच्या नावापुढे शून्याहूनही कमी गुण जमा होऊन त्याचे लीगमधील स्थान मात्र अबाधित राहिले. प्रादेशिक लीग ही गुणवत्तेची चढण आहे की विखुरलेल्या गावांना एकत्र बांधणारी संस्था आहे, या प्रश्नाची दोन्ही उत्तरे एकाच तालिकेत शेजारी शेजारी उभी राहिल्यामुळे या हंगामाकडे इतिहासाच्या दृष्टीने पाहणे अगत्याचे ठरते.

लीगचा आरंभ मुख्यतः इनव्हर्नेसच्या परिसरातच झाला. कॅलेडोनियन, इनव्हर्नेस थिसल आणि क्लॅक्नाकडिन हे शहरातील क्लब, जवळच्या फॉरेस गावचा फॉरेस मेकॅनिक्स आणि कॅमेरॉन हायलँडर्स या पलटणीचा संघ असा तो मेळ होता. पहिले विजेतेपद इनव्हर्नेस थिसलने पटकावले. पुढे लीगचा विस्तार पूर्वेकडे मरी परगण्यात आणि तेथून बकी, फ्रेझरबरा, पीटरहेड अशा मासेमारीच्या बंदरांपर्यंत झाला. इनव्हर्युरी लोको वर्क्स या क्लबाच्या नावातच या मुलखाचा औद्योगिक इतिहास जपलेला आहे, कारण रेल्वे इंजिनांच्या कारखान्यातील कामगारांनी १९०२ मध्ये तो स्थापन केला आणि कारखाना १९६९ मध्ये बंद पडल्यानंतरही क्लब टिकून राहिला.

या लीगमधून वर जाण्याची वाट मात्र शतकभर खेळाच्या मैदानावरून जात नव्हती. १८९० मध्ये स्थापन झालेल्या स्कॉटिश फुटबॉल लीगमध्ये नव्या क्लबांना प्रवेश मिळत असे तो सभासद क्लबांच्या मतदानाने, तोही जागा रिकामी झाली किंवा नव्याने निर्माण केली गेली तरच. त्यामुळे हायलँड लीग सलग कितीही वर्षे जिंकली, तरी विजेत्याला वरच्या श्रेणीवर कोणताही हक्क सांगता येत नसे. १९९४ मध्ये राष्ट्रीय लीगची फेररचना झाली, तेव्हा कॅलेडोनियन आणि इनव्हर्नेस थिसल यांच्या विलीनीकरणातून उभा राहिलेला क्लब आणि डिंगवॉलचा रॉस काउंटी यांना मतदानाने प्रवेश मिळाला. २००० मध्ये पीटरहेड आणि एल्गिन सिटी त्यांच्यामागोमाग गेले. उत्तरेचे फुटबॉल दुय्यम दर्जाचे असल्याची समजूत किती निराधार होती, हे याच विलीन झालेल्या इनव्हर्नेसच्या क्लबाने फेब्रुवारी २००० मध्ये सेल्टिकला त्यांच्याच मैदानावर ३-१ असे हरवून आणि २०१५ मध्ये स्कॉटिश चषक जिंकून दाखवून दिले.

मतदानाची ही पद्धत २०१४-१५ च्या हंगामापासून मोडीत निघाली. हायलँड लीगचा विजेता आणि दक्षिणेकडील क्लबांसाठी २०१३ मध्ये सुरू झालेल्या लोलँड लीगचा विजेता यांच्यात परस्परांच्या मैदानांवर दोन सामने व्हावेत, त्यातील विजेत्याने राष्ट्रीय रचनेतील बेचाळिसाव्या, म्हणजे अखेरच्या, क्लबाशी पुन्हा तसेच दोन सामने खेळावेत आणि जिंकल्यास त्याची जागा घ्यावी, असा नियम झाला. अबर्डीनजवळच्या एका मच्छीमार वस्तीत १९२२ मध्ये स्थापन झालेल्या आणि १९८६ पासून हायलँड लीगमध्ये असलेल्या कोव्ह रेंजर्स या क्लबाने ही वाट धरली. २०१६ मध्ये एडिनबरा सिटीने आणि २०१८ मध्ये काउडनबीथने त्याला अडवले. २०१८-१९ मध्ये नव्याने बांधलेल्या बाल्मोरल स्टेडियममध्ये खेळताना कोव्हने विजेतेपद राखले, लोलँड विजेत्या ईस्ट किलब्राइडला मागे टाकले आणि अखेरच्या टप्प्यात बेरिक रेंजर्सला दोन सामन्यांत मिळून ७-० असे नमवून हायलँड लीगमधून खेळाच्या जोरावर वर जाणारा पहिला क्लब होण्याचा मान मिळवला. पराभूत बेरिक हा इंग्लंडच्या हद्दीत असूनही स्कॉटलंडच्या लीगमध्ये खेळणारा, १९५१ पासून तेथे स्थान असलेला आणि १९६७ मध्ये ग्लासगोच्या बलाढ्य रेंजर्सला चषक स्पर्धेत १-० असे हरवणारा क्लब होता. त्याची जुनी प्रतिष्ठा नव्या नियमापुढे उपयोगी पडली नाही.

तालिकेचे दुसरे टोक बेन नेव्हिस या ब्रिटनमधील सर्वोच्च शिखराच्या पायथ्याशी, क्लॅगन पार्क या मैदानावर होते. फोर्ट विल्यम हा पश्चिमेकडचा क्लब १९८५ मध्ये लीगमध्ये आला. बहुतेक क्लब पूर्व किनाऱ्यालगत असल्यामुळे परगावच्या जवळपास प्रत्येक सामन्यासाठी त्याला लांबचा प्रवास करावा लागे; उत्तर टोकावरील विकपर्यंतचे अंतर अडीचशे किलोमीटरहून अधिक भरते. शिवाय या भागात शिंटी, म्हणजे वाकड्या काठीने खेळला जाणारा गेलिक लोकांचा पारंपरिक खेळ, तरुणांना फुटबॉलइतकाच प्रिय आहे. २०१८ च्या वसंत ऋतूत संचालकांनी पायउतार होण्याचे जाहीर केल्यावर क्लब मोडण्याच्या बेतात होता, तो नव्या माणसांनी सावरला. अठरा क्लबांच्या त्या हंगामात प्रत्येकाला चौतीस सामने खेळायचे होते. फोर्ट विल्यमने दोन बरोबरीत सोडवले, बत्तीस गमावले, २४५ गोल स्वीकारले, आणि अपात्र खेळाडू उतरवल्याबद्दल नऊ गुण कापले गेल्यामुळे त्याच्या खात्यात उणे सात गुण राहिले. तरीही दर शनिवारी संघ मैदानात उतरत राहिला. दिवसभर नोकरीधंदा सांभाळून खेळणाऱ्या माणसांनी सामन्यामागून सामना सरासरी सात गोल स्वीकारत हंगाम पुरा करणे, ही निष्ठा कोणत्याही विजेतेपदाच्या बरोबरीने नोंदवण्याजोगी आहे.

या निष्ठेला आश्रय मिळाला तो एका उणिवेमुळे. कोव्हसाठी वरची वाट खुली झाली होती, पण हायलँड लीगमधून खाली जाण्याची सक्तीची तरतूद तेव्हा अस्तित्वात नव्हती. म्हणून पश्चिमेकडचा हा एकाकी क्लब तळाशी राहूनही लीगचा सभासद राहू शकला. ती तरतूदही लवकरच आली आणि २०२२ मध्ये तळाशी राहिलेला फोर्ट विल्यम अबर्डीनच्या बँक्स ओ’ डी या क्लबाकडून निर्णायक लढतीत हरून उत्तरेतील खालच्या लीगमध्ये गेला. कोव्हला ज्या न्यायाने वर नेले, त्याच न्यायाने फोर्ट विल्यमला खाली नेले, आणि तो न्याय योग्यच होता, कारण इनव्हर्नेसच्या गुणी संघांना मतदानाच्या मेहेरबानीवर शतकभर ताटकळत ठेवणारी जुनी पद्धत त्याहून अधिक अन्यायकारक होती. परंतु या न्यायाची किंमत दूरवरच्या गावांना अधिक मोजावी लागते, कारण प्रवास, लोकसंख्या आणि पैसा यांचे ओझे सर्वांच्या वाट्याला सारखे येत नाही. म्हणूनच हायलँड लीगच्या इतिहासात विजेत्यांच्या यादीबरोबर तळाच्या क्लबांची नोंदही तितक्याच आस्थेने ठेवली गेली पाहिजे. फुटबॉल कोठवर पोहोचले आणि कोणी ते टिकवून धरले, हे त्या नोंदीवाचून कळणार नाही.